पहिल्या दातापासून सहा वर्षांच्या दाढेपर्यंत

बालकाच्या तोंडात साधारण सहाव्या महिन्यापासून उगवू लागणारे आणि सहाव्या वर्षापासून एकेक करून पडू लागणारे वीस दात मराठी आरोग्यलेखनात फार काळ दुय्यम राहिले आहेत. गर्भिणीचा आहार, स्तनपान, लसीकरण, जुलाब, कुपोषण या विषयांवर घरोघरी बोलले जाते, अंगणवाडीच्या भिंतींवर लिहिले जाते. दुधाच्या दातांचा विषय निघाला की मात्र ‘पडणारच तर आहेत’ एवढ्यावर तो मिटतो. ही समजूत जितकी स्वाभाविक आहे तितकीच लेकरांना महागात पडणारी आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते, म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच देशातील दर दोन मुलांमागे एकाला हा रोग जडलेला होता. प्रस्तुत पुस्तकाचे मुख्य म्हणणे असे की ही कीड दंतवैद्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती बरीच जुनी झालेली असते. तिची सुरुवात घरात, रात्रीच्या बाटलीपाशी आणि सकाळच्या चहा-बिस्किटापाशी होते, आणि म्हणून तिला अडवण्याचे काम बाळाला पहिल्या वर्षी भेटणाऱ्या माणसांचे, म्हणजे आई-वडिलांचे, आजीचे, आशाताईंचे, अंगणवाडी सेविकेचे आणि लस टोचणाऱ्या परिचारिकेचे आहे.

दात हिरडीबाहेर दिसतो तेव्हा त्याचा जन्म होतो असे वाटत असले तरी प्रत्यक्षात दुधाच्या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरू लागतात आणि चौथ्या महिन्यात त्यांत चुन्याचे क्षार साठू लागतात, त्यामुळे गर्भारपणात आईला झालेला दीर्घ आजार, तिची उपासमार किंवा बाळाचे वेळेआधी व कमी वजनाचे जन्मणे यांच्या खुणा पुढे दातांवर उमटू शकतात. दाताच्या सर्वांत बाहेरच्या, शरीरातील सर्वांत कठीण अशा आवरणाला इनॅमल म्हणतात. हे आवरण तयार होतानाच अडथळा आला तर ते जागोजागी पातळ, खडबडीत राहते आणि अशा दाताला कीड लवकर धरते. मेळघाटातील कुपोषणाची चर्चा गेली तीन दशके वजन-उंचीच्या तक्त्यांवर होत आली आहे, ती योग्यच आहे. परंतु उपाशी गर्भाचे दातही कच्चे घडतात ही बाब त्या चर्चेत फारशी येत नाही, ती यायला हवी.

बहुतेक बाळांचे खालचे मधले दोन दात सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान येतात, मग वरचे मधले, त्यांच्या शेजारचे, वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, त्यानंतर सुळे, आणि अडीच वर्षांच्या आगेमागे दुसऱ्या दाढा येऊन वीस दातांचा संच पुरा होतो. हा क्रम आणि काळ ठरीव नसतो, दोन-चार महिने मागेपुढे झाले तर त्यात काळजीचे काही नाही. वर्ष-सव्वा वर्ष होऊनही एकही दात दिसला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जाते, ही महाराष्ट्रभर आढळणारी समजूत वऱ्हाडातही आहे. तिच्यापायी एखाद्या निरोगी बाळाच्या आईला माहेर-सासर दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात, म्हणून ती निव्वळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही: दात वरचा आधी यावा की खालचा याचा मामाच्या नशिबाशी काडीचाही संबंध नाही. क्वचित एखादे मूल दात घेऊनच जन्मते. तोही अपशकुन नसून असा दात फार हलत असेल किंवा दूध पिताना त्रास देत असेल तरच काढावा लागतो.

या विषयाची भारतीय परंपरा जुनी आहे. बालकांच्या वैद्यकावरील काश्यपसंहिता ही नेपाळात मिळालेल्या खंडित ताडपत्री प्रतीवरून विसाव्या शतकात छापली गेली, आणि तिच्यात दात उगवण्याला वाहिलेला ‘दन्तजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीसपैकी आठ दात एकदाच उगवतात व उरलेले दोनदा जन्म घेतात असे तेथे सांगितले आहे. आजच्या गणनेप्रमाणे दोनदा येणाऱ्या जागा वीस आणि एकदाच येणाऱ्या बारा, त्यामुळे संहितेचा आकडा जुळत नाही. तरीही बालकाच्या दातांना वेगळा विषय मानून त्यांच्या उगवण्याचा महिना, त्या काळातील त्रास, मुलगा-मुलगी यांच्यातील फरक अशा गोष्टींची नोंद घेण्याची दृष्टी त्या ग्रंथकाराकडे होती. नंतरच्या काळात ही दृष्टी क्षीण झाली आणि तिची जागा आठवडी बाजारात दातातला ‘किडा’ काढून दाखवणाऱ्यांनी घेतली. दातात अळी असते हा समज जगभर होता. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात, सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही अशी अळी सापडत नाही, असे नमूद केले होते.

किडीचे खरे कारण अमेरिकन शास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी बर्लिनमध्ये काम करताना १८९० मध्ये मांडले, आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधील क्षार विरघळवते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दाखवून दिले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरील थर आम्लधर्मी होतो आणि लाळेला तो पूर्ववत करायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. यातून निघणारा निष्कर्ष पालकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे: साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली यावर कीड जास्त अवलंबून असते. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगात जेवणाच्या मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट गोळ्यांनी सर्वाधिक कीड होते असे आढळले; तो प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून झाला होता, आणि त्याच्या निष्कर्षाचा आधार घेताना ही लाजिरवाणी बाजू विसरणे योग्य होणार नाही.

दुधाच्या दाताचे इनॅमल कायमच्या दाताच्या मानाने साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतला मऊ गाभा, ज्यात रक्तवाहिन्या व संवेदना असतात, पृष्ठभागाच्या जवळ असतो, म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जी कीड खोलवर जायला वर्षे घेते ती बाळाच्या दातात काही महिन्यांत गाभ्यापर्यंत पोहोचते. सहा वर्षांखालील मुलांच्या अशा किडीला बाल्यावस्थेतील दंतक्षय म्हणतात. तिची चाल ओळखीची आहे. बाळाचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचलला असता पुढच्या चार दातांच्या मुळाशी, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते. ती दुधाची साय समजून पुसायला जावे तर पुसली जात नाही. काही आठवड्यांनी ती पिवळसर, मग तपकिरी होते, दाताची कड खरवडल्यासारखी तुटते आणि अखेरीस हिरडीलगत काळे ठुसे उरतात. खालचे पुढचे दात मात्र जिभेमुळे झाकले जातात, तिथल्या ग्रंथींची लाळ त्यांच्यावर सतत वाहते, त्यामुळे ते बहुधा शाबूत राहतात. पांढऱ्या रेघेच्या अवस्थेत हा रोग थांबवता येतो, गेलेले क्षार परत भरून येऊ शकतात. तपकिरी खड्डा पडल्यावर ते शक्य राहत नाही. सगळ्या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही रेघ होय.

वऱ्हाडातील घरात ही रेघ कशी येते हे पाहण्यासारखे आहे. बाळाच्या पहिल्याच महिन्यांत सहाणेवर जायफळ, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, खारीक, बदाम उगाळून केलेली बाळगुटी मधात चाटवली जाते. या वयात दात नसल्याने किडीचा प्रश्न नसतो. पण वर्षाच्या आतील बाळाला मध दिल्याने एक दुर्मीळ परंतु प्राणघातक विषबाधा होऊ शकते, म्हणून मध तेव्हाही वर्ज्यच आहे, आणि गोडाची सवय लागते ती वेगळीच. पुढे बाळ बाटलीला लागले की दूध ‘अंगी लागावे’ म्हणून त्यात साखर घातली जाते आणि ती बाटली तोंडात धरूनच बाळ झोपी जाते. झोपेत लाळ फारच कमी सुटते, गिळणे मंदावते, गोड दूध वरच्या दातांभोवती तासन्‌तास साचून राहते. दिवसभरात जे नुकसान लाळ भरून काढते ते रात्री भरून निघत नाही. मग चहात बुडवलेले बिस्कीट किंवा टोस्ट येते, जे दाढांच्या खाचांत लगद्यासारखे अडकते. खोकल्याचे गोड औषध झोपताना पाजले जाते आणि त्यावर घोटभर पाणीही दिले जात नाही. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा मुलाच्या हाती दिवसभर सरबताची बाटली किंवा प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ असतो आणि तो घोट-घोट, चोखत-चोखत चालू राहतो.

सणावारांचा मात्र यात दोष मोठा नाही, हे मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा मुलाच्या डोक्यावरून ओतला जातो. आता बोरांच्या जागी चॉकलेटे व गोळ्या आल्या आहेत आणि त्या नंतर आठवडाभर डब्यातून निघत राहतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या मुलांना मिळणाऱ्या बोजाऱ्यातही खाऊ असतो. वर्षातून दोन-चार दिवस जेवणाबरोबर पोटभर गोड खाल्ल्याने दात जात नाहीत. दात जातात ते रोजच्या, मधल्यामधल्या, नजरेआड चाललेल्या गोडाने. ज्वारीची भाकर, वरण, कण्या, ताक, शेंगदाणे, फुटाणे हा वऱ्हाडचा साधा आहार दातांच्या बाजूचाच आहे, फक्त फुटाणे-शेंगदाणे ठसक्याच्या भीतीमुळे लहानग्यांना कुटूनच द्यावेत.

स्तनपानाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून एक खुलासा करायला हवा. सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्यानंतरही स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या पुस्तकाला पूर्ण मान्य आहे. पहिल्या वाढदिवसानंतर रात्रभर वारंवार अंगावर पिणाऱ्या आणि त्याच वेळी दिवसा साखर खाणाऱ्या मुलांत कीड वाढलेली दिसते. यावर उपाय स्तनपान तोडणे हा नसून दिवसातली साखर कमी करणे आणि झोपण्यापूर्वी दात स्वच्छ करणे हा आहे.

दात येताना ताप येतो, जुलाब होतात हीही घट्ट रुजलेली समजूत. हिरडी शिवशिवते, लाळ गळते, बाळ किरकिरे होते, अंग किंचित कोमट लागते एवढे खरे; परंतु अडतीस अंश सेल्सिअसच्या वरचा ताप किंवा पातळ जुलाब दातांमुळे होत नाहीत. याच वयात आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागलेली असते आणि रांगणारे बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून जंतुसंसर्ग होतो. ‘दात येताहेत’ म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. जलसंजीवनी सुरू करून डॉक्टरांकडे जावे. हिरडी बधिर करणारे मलम आणि कुठे कुठे हिरडीवर चोळली जाणारी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, ही दोन्ही बाळासाठी घातक आहेत. दातांच्या पावडरीत व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

स्वच्छतेची रीत सोपी आहे. दात येण्यापूर्वी दूध पाजल्यावर ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात, पहिला दात दिसताच मऊ व लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. जमिनीवर मांडी घालून बसावे, मुलाचे डोके मांडीत घ्यावे, एका हाताने ओठ उचलून दुसऱ्या हाताने ब्रश फिरवावा, म्हणजे दात वरून स्पष्ट दिसतात आणि मूल हलले तरी टोचत नाही. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. राखुंडी व खरखरीत मंजन इनॅमल घासून काढतात; कडुलिंबाच्या काडीची परंपरा आदराची असली तरी दोन वर्षांच्या मुलाच्या दाढेच्या मागच्या खाचेत ती पोहोचत नाही. मुलाला स्वतःच्या हाताने नीट ब्रश करणे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जमत नाही, तोवर रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायचा आहे.

फ्लोराइडचा विषय विदर्भात जपून मांडावा लागतो. अत्यल्प प्रमाणात हे द्रव्य इनॅमल बळकट करते, म्हणूनच पेस्टमध्ये ते घातले जाते. पिण्याच्या पाण्यात मात्र त्याचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, जी भारतीय मानकांनी घातलेली कमाल मर्यादा आहे, तर कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावे या रोगासाठी ओळखली जातात. पुढच्या कायमच्या दातांचे इनॅमल जन्मापासून साधारण चौथ्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असते, त्यामुळे तान्हेपणी प्यायलेल्या पाण्याचा परिणाम सातव्या-आठव्या वर्षी दात उगवल्यावर दिसतो आणि तेव्हा पाणी बदलून उपयोग नसतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाखोऱ्याच्या खारपाणपट्ट्याची तक्रार मूळची क्षारांची आहे. खारट पाणी आणि फ्लोराइडचे पाणी एकच समजू नये. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते, अकोट भागातील चौऱ्याऐंशी खेडी योजना वान धरणावर चालते. जिथे अजून विंधनविहिरीचेच पाणी बाळाच्या पोटात जाते तिथे ग्रामपंचायतीमार्फत त्याची तपासणी करून घेणे हेच शहाणपणाचे.

‘पडणारच तर आहेत’ या म्हणण्याला सर्वांत ठोस उत्तर शेवटच्या दुधाच्या दाढेत आहे. ती दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. ती किडून पाचव्या-सहाव्या वर्षीच काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, खाली वाट पाहणाऱ्या कायमच्या दाताची जागा बुजते आणि दात वेडेवाकडे येतात. त्याआधीही दुखणाऱ्या दातामुळे मूल एका बाजूनेच चावते, मग चावणेच टाळते, दूध-बिस्किटावर राहते, वजन अडते, रात्री रडत उठते. गालावर सूज येऊन रुग्णालयात भरती करण्याची वेळही येते. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ गुपचूप उगवते. काहीच पडले नाही म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि आयुष्यभर साथ द्यायची ती दाढ दोन-तीन वर्षांत पोखरून जाते. पाच वर्षांनंतर दर महिन्याला मुलाच्या तोंडात अगदी मागे नजर टाकणे एवढ्याने ती वाचू शकते.

उपचारांची भीती पूर्वीइतकी राहण्याचे कारण नाही. उथळ कीड रोखण्यासाठी फ्लोराइडचा लेप, दाढांच्या खाचा बुजवणारे लेपन, दुधाच्या दातावर बसवायची पोलादी टोपी, गाभ्याचा उपचार हे सारे उपलब्ध आहे. चांदी व फ्लोराइड असलेले एक द्रावण लावल्यास ड्रिलशिवाय कीड थांबते, दात तेवढा काळा पडतो. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासाठी हा सौदा चांगला आहे. अमरावती व नागपूर येथील दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आहेत. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या भागात राहणाऱ्या कुटुंबाला दवाखाना, औषधाचे दुकान व दंतवैद्य हाकेच्या अंतरावर मिळतात, तेल्हारा किंवा पातूरकडच्या खेड्यातील कुटुंबाला अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून यावे लागते. तरीही पहिल्या दोन वर्षांत दोन्हीकडची मुले सारखीच दुर्लक्षित राहतात, कारण दुखल्याशिवाय दात दाखवायचे नसतात असे दोन्ही घरांत मानले जाते. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे तोंड दंतवैद्याने एकदा पाहावे, हा बालदंतशास्त्राचा सर्वमान्य सल्ला आहे.

शासनाच्या योजना अस्तित्वात आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश आहे आणि त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते; २०२३ मध्ये राज्याने सचिन तेंडुलकर यांना दूत नेमून स्वच्छ मुख अभियान हाती घेतले. परंतु अभियानांचा रोख शाळकरी मुलांकडे जास्त असतो, आणि शाळेत तपासले जाणारे दात बहुतेक वेळा आधीच किडलेले असतात. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही बाळंतिणी येतात. तिथून घरी जाताना बाळाच्या लसीकरणाच्या पत्रिकेबरोबर दातांच्या चार ओळी दिल्या गेल्या तरी त्या हजारो घरांत पोहोचतील.

गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. पहिल्या वेळी पुढचे दात नुकतेच आलेले असतात, दुसऱ्या वेळी दाढा येत असतात. पांढरी रेघ शोधायला याहून चांगले दोन दिवस नाहीत, आणि त्यासाठी वेगळे यंत्र, वेगळा निधी, वेगळी नेमणूक काहीच लागत नाही. हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका यांना विनंती एवढीच की लस टोचण्यापूर्वी, बाळ अजून शांत असताना, त्याचा वरचा ओठ एकदा उचलून पाहावा, आईलाही दाखवावा, आणि रेघ दिसली तर रात्रीची बाटली त्याच दिवसापासून बंद करायला सांगावे.